दिवाणखान्यातील चित्रपट आणि दिल्लीकर मराठी घरे

मराठी चित्रपटाचा इतिहास सांगताना दादासाहेब फाळक्यांचा 1913 सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ येतो, प्रभातचा 1936 सालचा ‘संत तुकाराम’ येतो, आणि 1954 साली पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळविणारी आचार्य अत्र्यांची ‘श्यामची आई’ येते. परंतु हा झाला निर्मात्यांचा इतिहास. प्रेक्षकांचाही एक इतिहास असतो, आणि महाराष्ट्रापासून दूर राहिलेल्या आम्हां मंडळींचा तर तो अगदी निराळा आहे. आम्ही मराठी चित्रपट प्रामुख्याने पाहिला तो घरात, सतरंजीवर बसून. आणि त्यावरील आमची मते कोठल्याही नियतकालिकात छापून आली नाहीत. रामकृष्णपुरमच्या सरकारी निवासस्थानांतून उमटलेल्या त्या मतांची थोडी नोंद सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने व्हावी, एवढाच या लेखाचा हेतू.

दूरचित्रवाणीच्या बाबतीत दिल्लीकर भाग्यवान खरे. देशातील पहिले प्रक्षेपण 15 सप्टेंबर 1959 रोजी दिल्लीतून झाले. मुंबई केंद्र सुरू व्हावयास 2 ऑक्टोबर 1972 उजाडावे लागले. म्हणजे मुंबईच्या आप्तेष्टांपेक्षा तेरा वर्षे आधी हे यंत्र आमच्या नगरीत आले. मात्र ते मराठी बोलत नव्हते. मुंबईचे नातलग पत्रांतून मराठी कार्यक्रमांची वर्णने लिहीत आणि आम्ही ती वाचूनच समाधान मानीत असू. हिंदी चित्रपटास तोटा नव्हता. दूरदर्शनवर रविवारी सायंकाळी तो असेच, आणि पाय मोकळे करीत जावे तर सेक्टर 9 मध्ये संगम चित्रपटगृह होते. मराठीची भूक मात्र गणेशोत्सवातील नाटकावर भागवावी लागे.

1982 साली राष्ट्रीय कार्यक्रम व रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, आणि त्या दशकात रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतील चित्रपट दाखविण्याचा प्रघात पडला. भाषा अनेक, रविवार एक. तेव्हा मराठीची पाळी दीर्घ प्रतीक्षेनंतर येई. ती आली की जेवणे लवकर आटोपत, गच्चीवरील अँटेना पुन्हा एकदा फिरवून पाहिली जाई, आणि शेजारचे बंगाली व तमिळ कुटुंबही खाली इंग्रजी अक्षरे वाचीत चित्रपट पाहावयास येई. अशा वेळी चित्रपट नुसता चित्रपट राहत नसे. घरच्या मुलीला पाहावयास पाहुणे यावेत तशी आमची अवस्था होई. तो रेंगाळला तर आम्हीच ओशाळत असू, आणि शेजाऱ्यांनी डोळे पुसले की जणू ती कथा आम्हीच लिहिली होती.

चित्रपट संपल्यावर चहाबरोबर मतप्रदर्शनास प्रारंभ होई. अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून डॉ. जब्बार पटेलांनी 1979 साली काढलेल्या ‘सिंहासन’विषयी वडिलांच्या कचेरीतील स्नेह्यांचे मत असे की, राजकारण हुबेहूब आहे, पण यात कोणी फायलीवर टिपणी लिहिताना दिसत नाही! समीक्षकास हे सुचले नसते; ज्यांचे आयुष्य टिपण्या लिहिण्यात गेले, त्यांनाच ते सुचावे.

परंतु सर्वांत मोठा वाद घडविला तो 1982 सालच्या ‘उंबरठा’ने. स्मिता पाटील यांनी साकारलेली सुलभा महिलाश्रमातील नोकरीसाठी पती व लहान मुलगी यांना मागे ठेवून जाते. परतते तेव्हा तिचे स्थान उरलेले नसते, आणि ती पुन्हा घराबाहेर पडते. आमच्या वसाहतीत हा प्रश्न कल्पनेतला नव्हता. कितीतरी घरांतील स्त्रिया रोज सकाळी बस गाठून मंत्रालयांत कामास जात. आमच्या मातोश्रीही त्यांपैकीच. आजी प्रथम म्हणाली, “पोरीला टाकून जायला नको होतं.” आई काहीच बोलली नाही, कप गोळा करू लागली. काही वेळाने आजीच पुन्हा म्हणाली, “पण गेली ती परत आली होती की. घरानंच दार लावलं.” त्या घरात सासूने सुनेच्या नोकरीविषयी उच्चारलेले हे पहिले अनुकूल वाक्य होय. समोरासमोर जे बोलता आले नसते, ते सुलभेच्या निमित्ताने बोलले गेले.

पुढे व्हिडिओ आला. झेलम एक्स्प्रेसने पुण्याहून येणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीत भाकरवडीच्या जोडीला कॅसेटही असे. 1988 सालच्या ‘अशी ही बनवाबनवी’तील संवाद हिंदी शाळेत शिकणाऱ्या मुलांना तोंडपाठ झाले. 1999 साली अल्फा मराठी वाहिनी आली आणि प्रतीक्षा संपली. ‘श्यामची आई’नंतर तब्बल पन्नास वर्षांनी ‘श्वास’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पुढे ‘देऊळ’, ‘कोर्ट’ व ‘कासव’ यांनीही तो मिळविला. आज यांतील हवा तो चित्रपट शोधून पाहणे पूर्वीइतके दुर्घट राहिलेले नाही.

विपुलतेबद्दल आमची तक्रार नाही. परंतु आता एकाच घरात चौघे चार पडद्यांवर चार चित्रपट पाहतात, आणि मत मनातच राहते. परप्रांती वाढणाऱ्या मुलास भाजी मागण्यापुरती मराठी सहज येते, “मला हे पटले नाही, कारण...” असे म्हणण्याची मराठी मात्र वाद घालूनच येते. ‘ओढूनताणून’, ‘मनाला चटका लावणारे’, ‘उगाच लांबविले’ हे शब्द आम्हांस पाठ्यपुस्तकाने दिले नाहीत. ते रविवारच्या चहाने दिले.

म्हणून सभासद बंधुभगिनींस नम्र विनंती. महिन्यातून एकदा एक मराठी चित्रपट एकत्र बसून पाहावा, आणि संपताच दिवा लावून घरातील सर्वांत लहान व्यक्तीस प्रथम मत विचारावे. ते मत कच्चे असेल, हिंदीमिश्रित असेल. त्याची चूक न काढता त्याच्याशी भांडावे. त्या भांडणात आपली भाषा पुढच्या पिढीच्या हाती जाईल.