पित्ताशय, पोटावरचा चिरा आणि दुर्बीण (थ्रेड)

१५ जुलै १८८२. बर्लिनच्या लाझारस रुग्णालयात कार्ल लांगेनबुख या शल्यचिकित्सकाने ४३ वर्षांच्या एका रुग्णाचे पित्ताशय कापून बाहेर काढले. सोळा वर्षे पोटशूळाने पिचलेला हा गृहस्थ दुसऱ्या दिवशी ताप नसलेल्या अवस्थेत सिगार ओढत बसला होता. पित्ताशय पूर्णपणे काढून टाकण्याची ही पहिली नोंदलेली शस्त्रक्रिया.

त्याआधी शल्यचिकित्सक पित्ताशय उघडत, आतले खडे वेचत आणि ते पुन्हा शिवून टाकत. अमेरिकेत जॉन बॉब्ज यांनी १८६७ मध्ये हेच केले होते. मात्र पित्ताशय जागेवरच राहिल्याने खडे पुन्हा होण्याची वाट मोकळी राही. लांगेनबुख यांचा युक्तिवाद वेगळा होता: पित्ताशय काढायचे ते त्यात खडे आहेत म्हणून नव्हे, तर तेच खडे तयार करते म्हणून. घोडा आणि हत्ती यांना पित्ताशय नसतेच, मग माणूस त्यावाचून का जगू नये? त्यांनी आधी मृतदेहांवर सराव केला आणि मगच जिवंत माणसाला हात लावला.

पुढची शंभर वर्षे हीच पद्धत चालली. उजव्या बरगडीखाली तिरका, वीतभर चिरा घ्यायचा; थेओडोर कोखर यांच्या नावाने तो ओळखला जातो. स्नायू कापले जात, त्यामुळे नंतर खोल श्वास घेणे आणि खोकणेही जड जाई. आठवडाभर रुग्णालय आणि पुढे कित्येक आठवडे घरी विश्रांती. पण शल्यचिकित्सकाला यकृत, धमनी, पित्तनलिका सारे उघड्या डोळ्यांनी दिसे आणि बोटांना जाणवे. ‘मोठा चिरा, मोठा शल्यचिकित्सक’ ही समजूत त्या काळी थट्टेची नव्हती.

या समजुतीला पहिला धक्का दिला तो एका स्त्रीरोगतज्ज्ञाने. जर्मनीतील कील येथे कुर्ट झेम यांनी १९८० मध्ये पोट न फाडता, दुर्बिणीतून आंत्रपुच्छ काढले. सहकाऱ्यांनी त्यांना मेंदूची तपासणी करून घ्यायला लावल्याचा किस्सा वैद्यकाच्या इतिहासात वारंवार सांगितला जातो.

झेम यांच्या कामाने प्रभावित झालेले एरिख म्यूहं हे श्टुटगार्टजवळच्या बोब्लिंगेन येथील शल्यचिकित्सक. त्यांनी ‘गॅलोस्कोप’ नावाचे उपकरण स्वतः घडवून घेतले आणि १२ सप्टेंबर १९८५ रोजी त्याद्वारे पित्ताशय काढले. मार्च १९८७ पर्यंत अशा ९४ शस्त्रक्रिया झाल्या होत्या. दरम्यान १९८६ मध्ये जर्मन शल्यचिकित्सक संघटनेच्या अधिवेशनात त्यांनी हे काम मांडले, तेव्हा वाट्याला आली ती टिंगल. कोणी त्याला ‘मिकी माउस शस्त्रक्रिया’ म्हटले, तर कोणी लहान चिऱ्याचा संबंध लहान मेंदूशी जोडला. ९४ रुग्णांचे पुढे काय झाले, हा एकच प्रश्न विचारण्याजोगा होता. उपहासाच्या गदारोळात तोच मागे पडला.

त्यांच्या एका रुग्णाचा शस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाला आणि म्यूहं यांच्यावर मनुष्यवधाचा आरोप ठेवण्यात आला. १९९० मध्ये ते त्यातून मुक्त झाले. तोवर त्यांची पद्धत जगभर पोचली होती, पण दुसऱ्यांच्या नावाने! १९९२ मध्ये त्याच संघटनेने त्यांचा पुरस्कार देऊन गौरव केला.

ही दुसरी नावे फ्रान्समधली होती. ल्यों येथे फिलिप मूरे यांनी १९८७ मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढले. त्यांच्यामागोमाग पॅरिसचे फ्राँस्वा द्युब्वा आणि बोर्दोचे जाक पेरिसा यांनी ही शस्त्रक्रिया केली. त्यांच्या हाती एक नवी गोष्ट आली होती: दुर्बिणीला जोडलेला लहान व्हिडिओ कॅमेरा. पूर्वी एकच डोळा आत पाहू शके. आता सारे सहकारी पडद्यावर एकच दृश्य पाहत आणि चित्रफीत दूरदेशीही नेता येई. पेरिसा यांनी १९८९ मध्ये अमेरिकेतील लुइव्हिल येथे आपली चित्रफीत दाखवली आणि तिने गर्दी खेचली.

भारतात ही पद्धत आली ती मुंबईतून. तेहेमटन उडवाडिया हे १९७२ पासून जे. जे. रुग्णालयात निदानासाठी पोटाची दुर्बीण वापरत होते. १९९० मध्ये त्यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले. ही श्रीमंतांची चैन असल्याचा आक्षेप तेव्हा होता. उडवाडिया यांचे म्हणणे नेमके उलट होते: ज्याचे पोट रोजंदारीवर आहे, त्यालाच लवकर कामावर परतण्याची निकड अधिक.

पण आधी जिची कुचेष्टा झाली, तीच पद्धत आता नको तितक्या घाईने स्वीकारली गेली. दोन-चार दिवसांचे प्रशिक्षण घेऊन शल्यचिकित्सक कामाला लागले. पडद्यावरचे चित्र सपाट, बोटांचा स्पर्श नाही. यकृताकडून येणारी मुख्य पित्तनलिका हीच पित्ताशयाची नलिका समजून कापली जाऊ लागली. उघड्या शस्त्रक्रियेत अशी इजा हजारात एक-दोघांना होई. दुर्बिणीच्या सुरुवातीच्या वर्षांत हे प्रमाण हजारी चार-पाचांच्या घरात गेले. अशा इजेने कित्येकांचे उरलेले आयुष्य शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रियांत गेले. १९९५ मध्ये स्टीव्हन स्ट्रासबर्ग आणि सहकाऱ्यांनी नियम मांडला: पित्ताशयाकडे जाणाऱ्या दोनच रचना स्वच्छ दिसल्याशिवाय काहीही कापायचे नाही.

मग दुर्बीण खरोखर श्रेष्ठ होती का? हे तपासायला उशीर झाला होता. मॉन्ट्रियलमध्ये तुलनात्मक चाचणी सुरू झाली, पण रुग्ण दुर्बिणीचाच आग्रह धरू लागल्याने ती लवकर थांबवावी लागली.

इंग्लंडमधील शेफील्डच्या शल्यचिकित्सकांनी मात्र एक साधी युक्ती योजली. २०० रुग्णांपैकी कोणावर दुर्बिणीने आणि कोणावर लहानशा चिऱ्यातून शस्त्रक्रिया करायची, हे त्यांनी सोडतीने ठरवले. नंतर सर्वांच्या पोटावर एकसारख्याच पट्ट्या बांधल्या. कोणती शस्त्रक्रिया झाली हे ना रुग्णाला ठाऊक, ना परिचारिकेला. १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: रुग्णालयातील मुक्काम आणि कामावर परतण्याचा काळ यांत सिद्ध होण्याजोगा फरक नव्हता. उलट दुर्बिणीला वेळ अधिक लागे: ४० मिनिटांऐवजी ६५. जुन्या वीतभर चिऱ्याच्या तुलनेत दुर्बिणीचा फायदा खराच होता. पण लवकर घरी जाण्यामागे ‘आता लवकर जायचेच’ ही सर्वांची अपेक्षाही होती, हे त्या पट्ट्यांनी उघड केले.

तोवर निवाडा बाजारात, वॉर्डात आणि रुग्णांच्या मनात होऊन गेला होता. आज पित्ताशयाची बहुतेक शस्त्रक्रिया दुर्बिणीतूनच होते. सूज आणि चिकटलेल्या ऊतींमुळे त्या दोन रचना दिसेनाशा झाल्या, तर अनेकदा कोखर यांचा चिरा घेतला जातो. आणि तो नेमक्या सर्वांत अवघड रुग्णावर, ज्यांना त्याचा सराव सर्वांत कमी मिळाला आहे अशा हातांना घ्यावा लागतो.