मॉरिशस: रकान्यांतून घडलेले राष्ट्र

हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावर मूळ रहिवासी म्हणावेत असे लोक कधीच नव्हते, त्यामुळे तेथील प्रत्येक समाज हा समुद्र ओलांडून आलेला आहे आणि ‘आधी आलेला कोण’ या वादाला तेथे फक्त सनावळीपुरताच अर्थ उरतो. डचांनी १६३८ मध्ये वसाहत केली आणि १७१० पर्यंत ती सोडून दिली. १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेटाचा ताबा घेतला आणि मादागास्कर व पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर तेथे मळे उभे केले. पोर्ट लुई हे बंदर नावारूपाला आले ते १७३५ पासून गव्हर्नर असलेल्या माहे द ला बुर्दोनेच्या काळात. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले, तेव्हा शरणागतीच्या करारात त्यांनी तेथील रहिवाशांचा धर्म, कायदे आणि रीतिरिवाज अबाधित राखण्याचे वचन दिले. मॉरिशसच्या आजच्या बहुसांस्कृतिकतेचे मूळ शोधायचे झाल्यास ते याच करारात सापडते, आणि हे विसरता कामा नये की सांस्कृतिक संरक्षणाचे पहिले लाभार्थी हे पराभूत झालेले फ्रेंच मळेवाले, म्हणजे गुलामांचे मालक होते. गुलामांच्या रीतिरिवाजांचा विचार त्या करारात कोणाच्या मनातही आला नसावा.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी बेटावरील गुलामगिरी कायद्याने संपली आणि मालकांना नुकसानभरपाईपोटी सुमारे वीस लाख पौंड मिळाले. मुक्त झालेल्यांना काहीच मिळाले नाही. उसाच्या मळ्यांना मात्र मजूर हवेच होते, म्हणून त्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, ‘ॲटलास’ जहाजातून भारतीय करारबद्ध मजुरांची सुरुवातीची एक तुकडी पोर्ट लुईला उतरली होती. करारबद्ध मजूर म्हणजे ठरावीक मुदतीपुरता, बहुधा पाच वर्षांसाठी, महिना पाच रुपये आणि तांदूळ, डाळ, तेल, मीठ अशा शिध्यावर स्वतःला बांधून घेणारा माणूस. बांधून घेताना त्याला कराराची कलमे किती कळत असत, हा प्रश्न निराळा. छळाच्या तक्रारींमुळे ही वाहतूक काही काळ बंद ठेवावी लागली, पण १८४२ नंतर ती पुन्हा जोमाने सुरू झाली आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसे बेटावर आली. १८६१ च्या शिरगणतीपर्यंत दर पाच रहिवाशांत तीन भारतीय झाले होते.

हे मजूर कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून निघत. मुंबईहून निघालेल्यांत मोठा भरणा कोकणातल्या, विशेषतः रत्नागिरीकडच्या कष्टकऱ्यांचा होता, पण इतर दोन बंदरांच्या मानाने त्यांची संख्या फारच थोडी होती. पोर्ट लुईच्या धक्क्यावर, जो आज ‘आप्रवासी घाट’ म्हणून ओळखला जातो आणि २००६ पासून जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहे, त्यांची नोंद होत असे: नाव, बापाचे नाव, गाव, जात, बंदर आणि एक क्रमांक. नोंद करणारा कारकून ऐकू येईल तसे लिही, पुढे त्या लेखनावर फ्रेंच वळण चढे, आणि मुलांच्या पिढीत आजोबांचे पाळण्यातले नावच घराण्याचे आडनाव होऊन बसे. मॉरिशसमधील मराठी कुटुंबांत कोकणातली ओळखीची आडनावे क्वचितच आढळतात आणि आजोबा-पणजोबांची नावे मात्र आडनाव म्हणून सर्रास आढळतात, त्याचे कारण हे आहे. जातीची नोंद कागदावर राहिली, तरी मळ्यावरच्या वस्तीत तिचे पूर्वीचे काटेकोर व्यवहार टिकणे अवघड होते. त्याऐवजी कोणत्या बंदरातून कोण आले, हा भेद ठळक होत गेला आणि मराठी बोलणारे बेटावर ‘बॉम्बे’वाले ठरले.

१८७० नंतरच्या दशकांत साखरेचे भाव घसरू लागले, तेव्हा मळेवाल्यांनी कडेच्या जमिनींचे लहान तुकडे पाडून ते विकायला काढले आणि मुदत संपलेल्या मजुरांनी, बायकांच्या अंगावरचे दागिने मोडून का होईना, ते विकत घेतले. मळ्यावरच्या कोठडीतून गावात येण्याचा हा टप्पा बेटाच्या सांस्कृतिक इतिहासात निर्णायक मानला पाहिजे, कारण देऊळ बांधायला, सण करायला आणि मुलांना अक्षरे गिरवायला लावायला स्वतःची जागा त्यानंतरच मिळाली. गावोगावी ‘बैठका’ उभ्या राहिल्या. बैठका म्हणजे संध्याकाळी पाठ, भजन आणि गावकी यांसाठी जमण्याचे साधे छप्पर. ब्लॅक रिव्हर जिल्ह्यात आणि व्हाक्वाच्या परिसरात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी गणपती, गोंधळ आणि कोकणातली जाखडी जपली. जाखडीला तेथे ‘झाकरी’ म्हणतात.

एवढ्या वस्तीला राजकीय हक्क मात्र जवळजवळ नव्हते, कारण १८८६ च्या घटनेने मतदान मालमत्तेशी जोडले होते आणि कायदेमंडळात पहिले दोन भारतीय वंशाचे सदस्य निवडून यायला १९२६ उजाडले. १९३७ आणि १९४३ मध्ये ऊसमजुरांवर गोळीबार झाले. १९४७ च्या नव्या घटनेने मालमत्तेऐवजी साक्षरतेची अट घातली, तीही बेटावर वापरल्या जाणाऱ्या भाषांपैकी कोणत्याही एका भाषेतील साध्या वाचन-लेखनाची, आणि बैठकांमध्ये वर्षानुवर्षे चाललेल्या वर्गांना एकाएकी राजकीय मोल आले. समाजसुधारक बासदेव बिसुनदयाल यांच्या स्वयंसेवकांनी गावोगाव फिरून प्रौढांना लिहायला शिकवले. १९४८ च्या निवडणुकीत मतदार साधारण बारा हजारांवरून सत्तर हजारांच्या पुढे गेले. पूर्वजांची भाषा जपणे ही येथे नुसती भावनेची बाब उरली नाही, तर तिच्या आधारे माणूस नागरिक झाला. पुढच्या सर्व गुंतागुंतीचे मूळही यातच आहे.

स्वातंत्र्याच्या प्रश्नावर बेट दुभंगले होते. १९६७ च्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मते स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला पडली, कारण हिंदू बहुसंख्याकांच्या राज्याची धास्ती इतरांना होती. १९६८ च्या जानेवारीत पोर्ट लुईमध्ये क्रिओल, म्हणजे गुलामांचे वंशज, आणि मुसलमान यांच्यात दंगल पेटली आणि १२ मार्चला स्वातंत्र्य आले ते ब्रिटिश सैन्य बेटावर असतानाच. या धास्तीवर उतारा म्हणून घटनेत एक अनोखी तरतूद होती. मतदारसंघांतून ६२ सदस्य निवडले जातात आणि त्यानंतर ज्या समाजांना कमी प्रतिनिधित्व मिळाले असेल, त्यांच्या पराभूत उमेदवारांतून सर्वाधिक मते मिळवणाऱ्या जास्तीत जास्त आठ जणांना जागा दिल्या जातात. त्यासाठी प्रत्येक उमेदवाराला हिंदू, मुसलमान, चिनी वंशाचे किंवा ‘सर्वसाधारण लोकसंख्या’ यांपैकी आपला गट जाहीर करावा लागतो. चौथ्या गटाची घटनेतील व्याख्या अशी की जीवनपद्धतीवरून जो पहिल्या तिघांत मोडत नाही, तो या गटात. परिणामी गुलामांचे वंशज असलेले क्रिओल आणि त्यांच्या मालकांचे वंशज असलेले गोरे मळेवाले एकाच रकान्यात बसले.

तुलनेने मराठी समाजाला हे रकाने मानवले, असे म्हणता येईल. लोकसंख्येत शेकडा दोनच्या आसपास असलेला आणि घरात बहुतांशी क्रिओल भाषा बोलणारा हा समाज आधी हिंदू गटात गणला जाई. १९८३ च्या शिरगणतीतून समाजाचा प्रश्न वगळला गेला, पण धर्माचा आणि पूर्वजांच्या भाषेचा प्रश्न राहिला, आणि तमिळ व तेलुगूंप्रमाणे अनेक मराठी लोकांनी धर्माच्याच रकान्यात ‘मराठी’ असे नोंदवले. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे चमत्कारिक वाटेल. धार्मिक संस्थांना लोकसंख्येच्या प्रमाणात अनुदान देणाऱ्या राज्यात ते अगदी व्यवहार्य होते. शाळेत मराठीचे शिक्षक आले, गणेश चतुर्थी सार्वजनिक सुट्टी झाली.

क्रिओल समाजाला दाखवण्याजोगी पूर्वजांची भाषा नव्हती, कारण ती गुलामगिरीने पुसली होती, आणि जी क्रिओल भाषा सारे बेट बोलत होते, ती कोणाचीच खास नसल्यामुळे मोजली जात नव्हती. फेब्रुवारी १९९९ मध्ये क्रिओल गायक काया यांचा पोलीस कोठडीत मृत्यू झाल्यावर उसळलेल्या दंगलींमागे ही उपेक्षा होती. प्राथमिक शाळांत क्रिओल ऐच्छिक विषय झाला तो २०१२ मध्ये. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने, उमेदवाराला समाज जाहीर करण्याची सक्ती करणे हे त्याच्या हक्काचे उल्लंघन असल्याचे मत दिले. त्यावर २०१४ च्या निवडणुकीपुरती घटनेत सवलत देण्यात आली आणि २०१९ मध्ये गट जाहीर न करणाऱ्यांचे अर्ज पुन्हा फेटाळले गेले. आठ जागांचे गणित मात्र, नंतरची कोणतीही गणना समाजवार झाली नसल्यामुळे, १९७२ च्या आकड्यांवरच मांडले जात होते.