डोह, गळ आणि सोबती : चिंचपाड्याच्या हिवाळी मासेमारीचा मागोवा

दिवाळी आटोपते, भाताची कापणी होते, शेतात तूर तेवढी उभी राहते. (याच नवापुरी तुरीच्या डाळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले.) सुरत-भुसावळ लोहमार्गावरच्या चिंचपाडा स्थानकावर गाडीतून उतरणाऱ्या परक्या माणसाला हा मुलूख यावेळी निवांत झोपल्यासारखा वाटतो. परंतु पावसाळ्यात गढूळ होऊन धावणारे ओहोळ आता निवळलेले असतात. रंगावली, नेसू, सरपणी या नद्यांचे पाणी ओसरू लागलेले असते, खडकांच्या बेचक्यात डोह वेगळे पडू लागतात, आणि चार-सहा सोबती खांद्यावर बांबूच्या काठ्या टाकून त्यांच्या दिशेने निघतात. या जाण्याला इतिहास आहे. तो कोणी लिहून ठेवला नाही. आणि ज्यांनी लिहिले, त्यांनी गुन्हा म्हणून लिहिले. त्याचाच थोडा मागोवा घेण्याचे आम्ही योजिले आहे.

या मासेमारीसाठी हिवाळाच का, हे आधी सांगितले पाहिजे. माशाचे रक्त भोवतालच्या पाण्याबरोबर थंड होते. थंडीत त्याची हालचाल मंदावते, भूक कमी होते. तो उथळ पाणी सोडून खोल डोहाच्या तळाशी जाऊन बसतो. पाणी निवळ असल्याने माणसाची सावली त्याला दुरून दिसते. म्हणून हिवाळ्यात गळ टाकणाऱ्याला दोन गुण अंगी बाणवावे लागतात : सकाळच्या घाईऐवजी दुपारच्या उन्हाची वाट पाहणे आणि गप्प बसणे. उन्हाने वरचे पाणी जरा कोमट झाले की मरळ श्वास घ्यायला वर येते. तिला कल्ल्यांच्या जोडीला हवेतून श्वास घेण्याची सोय निसर्गाने दिलेली आहे, आणि जाणता माणूस त्या एका बुडबुड्यावर नजर ठेवून असतो. वाम दगडांच्या कपारीत असते, तिला गांडूळ लागते. शिंगाळा संध्याकाळी हलतो. झिंगे आणि खेकडे हा मुलांचा विभाग. ते गुडघाभर पाण्यात दगड उलथीत फिरतात. मोठ्या डोहावर मात्र एकट्याचे काम नाही. तेथे एकाने पाणी ढवळायचे, दोघांनी पागजाळे धरायचे, कोणी बांबूच्या कामट्यांचा सापळा प्रवाहाच्या तोंडाशी लावायचा, आणि एकाने काठावर शेकोटी सांभाळायची. शेकोटी सांभाळणाराही बरोबरीचा वाटेकरी असतो.

आमच्या या भागातील वास्तव्यात एका डिसेंबरमध्ये मावची तरुणांच्या एका चमूबरोबर आम्हीही काठावर बसलो होतो. सूर्य कलल्यावर मासे एका पळसाच्या पानांवर मांडून त्यांचे वाटे घातले गेले. माणसे सहा आणि वाटे आठ. आम्ही विचारले तेव्हा त्यांच्यातील वडीलधाऱ्याने सांगितले, “फादर, एक वाटा तुमचा, आन् एक त्या म्हातारीचा. तिच्या घरचं कोणी आलं नाही ना!” म्हातारी त्यांच्या नात्याची नव्हती. ती त्याच पाड्यावर राहत होती, एवढेच तिचे नाते.

ख्रिस्ती वाचकाला येथे योहानकृत शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय आठवल्यावाचून राहणार नाही. प्रभूच्या पुनरुत्थानानंतर पेत्र मासे धरायला जातो म्हणतो, आणि इतरही त्याच्याबरोबर निघतात. योहानाने माणसे मोजून दिली आहेत : पेत्र, थोमा, नथनेल, जब्दीचे दोघे मुलगे आणि आणखी दोन शिष्य, ज्यांची नावे त्याने दिली नाहीत. सात सोबती, एक होडी, रिकामी रात्र. आणि सकाळी किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव, त्यावर मासा आणि भाकर. एकशे त्रेपन्न माशांच्या आकड्यावर विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली. संत आगुस्तीनने दाखवून दिले की एकपासून सतरापर्यंतच्या अंकांची बेरीज तेवढीच होते. संत जेरोमने प्राचीन निसर्गज्ञांचा हवाला देऊन माशांच्या जातीच तेवढ्या असल्याचे म्हटले. आम्हांला मात्र कोणत्याही कोळ्याप्रमाणे वाटते की मासे मोजले, कारण वाटे घालायचे होते.

या प्रसंगाला एक व्यावहारिक बाजूही आहे, आणि ती धर्मज्ञानाच्या पुस्तकांत क्वचितच सापडते. गालील सरोवराच्या काठी एन गेव्ह येथे राहणारे ज्यू कोळी आणि अभ्यासक मेंडेल नून यांनी त्या पाण्यावर आयुष्य घालवून काही गोष्टी नोंदविल्या. तेथला ज्याला संत पेत्राचा मासा म्हणतात तो उष्ण पाण्याचा मासा आहे. हिवाळ्यात तो सरोवराच्या वायव्येकडील तबघा येथील कोमट झऱ्यांजवळ थव्याने गोळा होतो. परंपरा ज्या ठिकाणी हा प्रसंग दाखविते, तेच हे ठिकाण. म्हणजे प्रेषितांनाही थंडीतला मासा कोठे दडतो ते ठाऊक होते. त्या माशाच्या कुळातील तिलापिया १९५२ साली भारतात आणला गेला आणि आपल्या तळ्यांत इतका फोफावला, की देशी मासे मागे पडले. (आपला शिंगाळा मात्र पेत्राच्या जाळ्यात आला असता तर टाकून दिला गेला असता. त्याला खवले नाहीत, आणि लेवीय पुस्तकाच्या अकराव्या अध्यायाप्रमाणे तो अशुद्ध ठरतो!)

लूकने आपल्या पाचव्या अध्यायात याकोब आणि योहान यांना पेत्राचे भागीदार म्हटले आहे. मूळ ग्रीक शब्दाच्याच कुळातून पुढे ‘कोइनोनिया’ हा शब्द ख्रिस्तसभेत सहभागितेसाठी, पवित्र भाकरीतील सहभागासाठीही, वापरला गेला. जाळ्यातील वाटा आणि वेदीवरील वाटा यांना एकाच घराण्यातले शब्द लागले, हे आम्हांला अर्थपूर्ण वाटते. मध्ययुगीन ख्रिस्तसभेनेही मासेमारीकडे सौम्यपणे पाहिले. इ. स. ११४० च्या सुमारास ग्रेशियनने केलेल्या धर्मनियमांच्या संग्रहात शिकारीवर टीका आहे. पवित्र शास्त्रात संत शिकारी सापडत नाही, संत कोळी मात्र सापडतात, असा तेथे युक्तिवाद आहे. १९१७ च्या धर्मसंहितेतही धर्मगुरूंनी शिकारीच्या नादी लागू नये, गाजावाजाची शिकार तर कधीच करू नये, असे कलम होते. गळ टाकून बसण्याविरुद्ध कोणी कलम केले नाही. इंग्लंडात आयझॅक वॉल्टनने १६५३ साली गळाच्या मासेमारीवर जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, तोही वाटेत भेटलेल्या सोबत्यांच्या संभाषणाच्या रूपात.

त्याच इंग्लंडात पुढे माशांचीही वर्णव्यवस्था झाली. सामन आणि ट्राउट हे उमरावांचे मासे. बाकीचे सारे ‘जाडेभरडे’. हे जाडेभरडे मासे धरण्याचा छंद कारखान्यांतील मजुरांचा होता. रविवारी आगगाडीने निघावे, कालव्याच्या काठी मित्रांसह बसावे, संध्याकाळी परतावे. शेफिल्डचे खासदार मुंडेला यांनी १८७८ साली पार्लमेंटात कायदा आणला, आणि १५ मार्च ते १५ जून या विणीच्या काळात या माशांना अभय मिळाले. हिवाळा मोकळा राहिला. कायदा मासा वाचविण्यासाठी होता, आणि मजुरांच्या मंडळांनी तो आपला मानला, कारण त्यात त्यांचे ऐकून घेतले गेले होते.

आपल्याकडे मात्र क्रम उलटा झाला. मद्रासच्या लष्करी वैद्यक खात्यातील डॉक्टर फ्रान्सिस डे यांनी भारत आणि ब्रह्मदेशातील गोड्या पाण्यातील मासेमारीवर १८७३ साली अहवाल सादर केला. माणूस विद्वान होता. भारतीय माशांवरील त्यांचा ग्रंथ आजही अभ्यासक उघडतात. परंतु लहान छिद्रांची जाळी, बांध आणि विष यांमुळे मासा नष्ट होत आहे, अशी तक्रार त्यांनी मांडली, आणि तिचा रोख गावकरी व वनवासी यांच्यावर होता. अशा विचारमंथनातून पुढे १८९७ चा भारतीय मत्स्य कायदा आला. त्याने पाण्यात सुरुंगाची दारू उडविणे आणि विष कालविणे या दोन्ही गोष्टी एकाच पंक्तीत बसवून शिक्षापात्र ठरविल्या.

या पंक्तिभेदाच्या अभावाविषयी आमची तक्रार आहे. सुरुंगाने डोहातील अंडी-पिल्लांसकट सारे मरते. त्याला बंदी हवीच होती. वनवासींचे ‘विष’ म्हणजे गेळफळ ठेचून किंवा कुंभ्याची साल कुटून साचलेल्या डोहात मिसळणे. त्यातील फेसाळ द्रव्य माशाच्या कल्ल्यांवर परिणाम करते, त्याला श्वास घेता येत नाही, तो वर येतो. माणसाने तो खाल्ला तर अपाय होत नाही. वाहत्या पाण्यात ही मात्रा विरून जाते, म्हणून ती हिवाळ्याच्या अखेरीस तुटलेल्या डोहातच चालते, आणि तो डोह बहुधा उन्हाळ्यात आटणारच असतो. ही पद्धत निर्दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. लहान मासाही तिच्यात सापडतो, आणि अलीकडे गेळफळाच्या जागी कोणी शेतीची कीटकनाशके ओतू लागले आहेत, ते तर पाप आहे. पण कोणत्या डोहात, कोणत्या महिन्यात, कितीजणांनी मिळून हे करावे याचे नियम पाड्यापाशी होते. कायद्याने ते विचारले नाहीत. प्रांतिक सरकारला एखाद्या विशिष्ट भागापुरते विषाचे कलम तहकूब ठेवण्याची मुभा मात्र त्याच कायद्यात होती. म्हणजे आत कोठेतरी शंका होतीच.

कायद्याने माणूस भ्याला, पण डोह राहिला. डोहच नाहीसा करण्याचे काम धरणाने केले. तापीवरील उकाई धरण १९७२ साली पूर्ण झाले. धरण गुजरातेत, परंतु त्याच्या पाण्याचा फुगवटा राज्याची सीमा ओलांडून नवापूर आणि नंदुरबार तालुक्यांत शिरला. सुमारे ६०० चौरस किलोमीटरचा हा जलाशय. १ मे १९६० रोजी आखलेली सीमा नवापूरच्या रेल्वे स्थानकाच्या फलाटावरून गेली, याची गंमत लोक सांगतात. पाण्याखाली गेलेल्या गावांच्या बाबतीत त्याच सीमेने माणसांना दोन सरकारांच्या मध्ये उभे केले, याची गंमत कोणी सांगत नाही.

जलाशयाने मासे दिले, हे मान्य केले पाहिजे. रोहू, कटला, मृगळ यांचे बीज सोडले गेले, विस्थापितांपैकी अनेकांनी होडी आणि नायलॉनचे जाळे हाती घेतले, बर्फात घातलेला मासा दूरच्या बाजारात जाऊ लागला. परंतु खडकाळ वाहत्या पाण्यावर जगणारा महाशीर साचल्या पाण्यात टिकत नाही. आणि माणसाचेही तसेच काहीसे झाले. खोल पाण्यात लहान मुले दगड उलथू शकत नाहीत. शेकोटी सांभाळणाऱ्याला तेथे काम नाही. परवाना, ठेका, वजनकाटा आणि व्यापारी आले की म्हातारीचा वाटा काढायचा कोणी? मासेमारी धंदा झाली. धंदा वाईट नव्हे, पेत्रही धंदाच करीत होता. पण डोहावर जाणे हे धंद्याहून निराळे होते, आणि त्याची भरपाई कोणत्याही पुनर्वसनाच्या यादीत नव्हती.

तिसरा घाव सर्वांत शांतपणे बसला, आणि आमच्या मते तोच सर्वांत खोल आहे. बारडोलीचा साखर कारखाना १९५५ साली उभा राहिला. त्यामागून दक्षिण गुजरातेत आणखी कारखाने आले. त्यांना तोडणी मजूर हवे होते, आणि खानदेशातील आदिवासींना पावसाळ्यानंतर काम हवे होते. दिवाळीच्या आगेमागे मुकादम उचल वाटतो, टोळ्या भरतात, ट्रक निघतात. माणसे परततात ती उन्हाळा लागल्यावर. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७८ साली या खानदेशी तोडणी मजुरांवर लिहिले, तेव्हा बाहेरच्या जगाला त्यांची थोडी ओळख झाली. त्या भाषेत मजुराला नाव नसते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’.

आता महिने ताडून पाहावेत. डोह तुटतात ते ऑक्टोबरनंतर, आणि आटतात एप्रिलात. ऊसतोडही नेमकी तेव्हाच. मासा आहे, पाणी आहे, पण पागजाळ्याचे दुसरे टोक धरायला सोबती नाही. आगमनकाळाच्या रविवारी आम्ही वेदीवरून पाहतो तेव्हा बाकांवर म्हातारी माणसे आणि लहान मुले असतात. तीच डोहाच्या काठीही दिसतात. म्हातारा गळ टाकून बसतो. गळ एकट्याला टाकता येतो. डोह मात्र एकट्याला उपसता येत नाही, आणि कोणत्या डोहात कधी उतरायचे, कोणता राखून ठेवायचा, हे ज्ञान नातवाला सांगायचे तर तो त्या महिन्यांत काठावर असावा लागतो.

कायद्याने मात्र मधल्या काळात एक वळण घेतले आहे, आणि आमच्या वाचकांपैकी जे या भागात सेवाकार्य करतात त्यांनी ते ध्यानी घ्यावे. नवापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रातील लहान जलाशयांचे नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतींकडे सोपविण्यास सांगितले. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्कांत मासे आणि पाण्यातील इतर उत्पादने यांचा स्पष्ट उल्लेख केला. म्हणजे १८९७ साली ज्याची गणना केवळ उपद्रवात झाली, त्याला एकशे नऊ वर्षांनी हक्क हे नाव मिळाले. वनहक्काचे दावे भरताना जमिनीच्या तुकड्यांची मापे काळजीपूर्वक लिहिली जातात. डोहाचे नाव लिहायचे बहुधा राहून जाते. ग्रामसभेत ही नावे सांगू शकतील अशी वृद्ध माणसे अजून आहेत. ग्रामसभा दिवाळीपूर्वी, टोळ्या निघण्याआधी बोलावली, तर त्यांचे ऐकून घ्यायला तरुणही हजर असतील.