एक चाल, अनेक गळे

पनवेलजवळच्या तळोज्याच्या कारखान्यांभोवती अजून टिकून राहिलेल्या आगरी गावांत पूर्वी लग्न म्हटले की धवलारीण लागायचीच. हळद, तेलवण, मांडव अशा एकेका विधीला ती धवले गायची. एकीने ओळ टाकावी, बाकीच्यांनी ती झेलावी, नवरा-नवरीची नावे जागच्या जागी बसवावीत; चाली मात्र मोजक्याच, आणि त्या कुणाच्या असे विचारायचे कारणच नव्हते. या प्रकाराचा मागोवा घेत गेलो तर आपण तेराव्या शतकात, थेट विदर्भातल्या रिद्धपुरात पोचतो. गोविंदप्रभूंच्या लग्नसोहळ्यासाठी महानुभावांच्या महदंबेने रुक्मिणी-कृष्णविवाहाचे धवळे रचले, म्हणून तिला मराठीची आद्य कवयित्री म्हणतात. रिद्धपुरापासून पनवेलपर्यंत सरळ रेघ ओढण्याचे धाडस मी करणार नाही, पण लग्नात बायकांनी गायचा प्रकार तोच आणि नावही जवळपास तेच. जात्यावरच्या ओवीचेही असेच: चाल आधीपासून हजर, दळणारीने आपले सुखदुःख तिच्यावर घालायचे.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यातली पदे साकी, दिंडी, लावणी अशा आधीच कानात असलेल्या चालींवर बांधलेली होती. छापील पुस्तकात पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचा निर्देश असे, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. पुढे १९०२ मध्ये भारतात ध्वनिमुद्रण सुरू झाले. तबकडीवर गायकाचे नाव आले, चाल आणि गळा यांची गाठ पक्की झाली. एका गाण्याला एकच आवाज, ही आपली आजची समजूत इतकी अलीकडची आहे.

ती गाठ ध्वनिमुद्रणाच्याच साधनांनी सुटली ती जमैकात. १९६७-६८ च्या सुमारास स्पॅनिश टाउनमध्ये नाचासाठी तबकड्या वाजवणाऱ्या रूडी रेडवुडसाठी ड्यूक रीड या निर्मात्याच्या स्टुडिओत ‘पॅरागॉन्स’ या गायकगटाच्या एका गाण्याची नमुना-तबकडी कापली जात असताना तंत्रज्ञाकडून गायकांचा आवाज त्यात घालायचा राहून गेला. रेडवुडने नाचाच्या मैदानात ती तशीच वाजवली आणि गर्दीच गाऊ लागली. मग तबकडीच्या मागच्या बाजूला नुसते वादन देण्याची पद्धत पडली. तिला ‘व्हर्शन’ म्हणत. वादकांना पुन्हा पैसे मोजावे लागत नाहीत, हा हिशेबही त्यामागे होताच. १९७० मध्ये यू-रॉयने रीडच्या जुन्या गाण्यांवर आपली बडबडगाणी चढवली आणि जमैकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीतल्या पहिल्या तीनही जागा पटकावल्या. १९७४ मध्ये रूपी एडवर्ड्‌स या निर्मात्याने पुढचे पाऊल टाकले. स्लिम स्मिथ आणि ‘युनिक्स’ यांच्या १९६८ च्या ‘माय कॉन्व्हर्सेशन’ या गाण्याचा ठेका घेऊन त्याने ‘यामाहा स्कँक’ नावाची अख्खी तबकडी भरली. सगळी गाणी त्याच एका वादनावर! तिथले लोक अशा वादनाला ‘रिडिम’ म्हणतात, आणि एका रिडिमचा अल्बम म्हणून ही तबकडी पहिली मानली जाते.

१९८५ मध्ये प्रिन्स जॅमी या निर्मात्याच्या ‘स्लेंग टेंग’ या रिडिमने वादकही बाजूला सारले. कॅसिओच्या एमटी-४० या छोट्या कीबोर्डमध्ये आधीपासून भरून ठेवलेला तो ठेका. बसवला होता ओकुदा हिरोको या तरुण जपानी संगीततज्ज्ञ बाईने. त्यावर शेकडो गाणी झाली. २००२ मध्ये स्टीव्हन ‘लेंकी’ मार्सडेनने टाळ्यांवर बांधलेल्या एका रिडिमला चक्क ‘दिवाली’ नाव दिले. ग्रीनस्लीव्ह्ज या कंपनीने त्याचा अल्बम काढला, आणि त्याच रिडिमवरचे शॉन पॉलचे ‘गेट बिझी’ २००३ मध्ये अमेरिकेच्या यादीत पहिले आले.

जपानी वाद्याची अशी वाट आपल्याकडेही आहे, आणि ती कॅसिओपेक्षा जुनी. नागोयात १९१२ मध्ये मोरिता गोरो यांनी कळांवर वाजणारे तंतुवाद्य, ‘ताइशोगोतो’, बनवले. भारतात ते बुलबुलतरंग झाले, आणि मुंबई-रायगडच्या पट्ट्यात त्याला वीज जोडून बेंजो झाला. कॅसेट स्वस्त झाल्यावर ऐंशीच्या दशकात कोळीगीते आणि आगरी गाणी घरोघर गेली. भीमगीतांच्या गायकांनी आणि भजनी मंडळांनी तर सिनेमाच्या चालींवर नवे शब्द बसवण्याचा रिवाज कधीच सोडला नव्हता.

तळोज्याच्या त्या गावांशेजारी, पेंधरपर्यंत, २०२३ मध्ये मेट्रो आली, तरी एका चालीवर अनेक गळे ही रीत तिथे टिकून आहे. हळदीच्या रात्री बेंजो पार्टी एका गाण्यातून दुसऱ्यात शिरते, ठेका तुटत नाही, गाणारे बदलत राहतात. याला कुणी रिडिम म्हणत नाही. मात्र यूट्यूबवरच्या हळदीच्या गाण्याखाली आता गीतकार, संगीतकार, गायक, कंपनी अशी सगळी नावे असतात. जमैकाने स्वतःचा कॉपीराइट कायदा १९९३ मध्ये केला आणि तिथेही ठेक्याचा मालक कोण, यावर वकील बसू लागले. धवलारणीच्या चालीवर मात्र अजून कुणी हक्क सांगितलेला माझ्या ऐकिवात नाही.