एक नामोच्चार, दोन श्रद्धा

ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांत पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नांवानें बाप्तिस्मा देण्यांत येतो. मॉर्मन पंथांतहि हींच नांवें उच्चारिलीं जातात. मग भेद कोठें आहे?

इ. स. ३२५ मध्यें नायसिया येथील धर्मसभेनें पुत्र हा पित्याशीं एकाच तत्त्वाचा आहे, असें ठरविलें. पुढें त्रैक्याचें मत दृढ झालें : व्यक्ति तीन, परंतु ईश्वर एकच, तो अनादि, स्वरूपतः निराकार आणि शून्यांतून सृष्टि निर्मिणारा.

पंधरा शतकांनंतर, १८३० मध्यें, अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्यांत जोसेफ स्मिथ यानें नवा पंथ स्थापिला. प्रेषितांच्या पश्चात् मूळ धर्म लोपला व तो आपल्याकरवीं पुनः स्थापित होत आहे, असें त्याचें म्हणणें होतें. बायबलाच्या जोडीस 'बुक ऑफ मॉर्मन' हा ग्रंथहि त्यानें प्रमाण मानला. पिता व पुत्र या दोन भिन्न, देहधारी व्यक्ति असून त्यांचें ऐक्य हेतूचें आहे, असें तो शिकवी. १८४४ मध्यें इलिनॉय राज्यांतील नावू गांवीं दिलेल्या प्रवचनांत त्यानें सांगितलें कीं, ईश्वरहि एके काळीं मनुष्यासारखा होता, आणि मनुष्यासहि देवत्व प्राप्त होऊं शकतें.

लूथरच्या अनुयायांचा बाप्तिस्मा रोमन कॅथलिक धर्मसंस्था ग्राह्य मानते. मॉर्मनांचा मात्र तिनें २००१ मध्यें अग्राह्य ठरविला. मॉर्मनहि इतर पंथांतून येणारास नव्यानें बाप्तिस्मा देतात. ते येशूस तारक मानतात व स्वतःस ख्रिस्तीच म्हणवितात. त्यांच्या निष्ठेविषयीं हा वाद नाहीं. त्या नांवांनीं हांक कोणास मारावयाची, याविषयीं तो आहे.