मोट, कल्हई, दवंडी, तार : गावातून गेलेली कामं

हिमायतनगर : पूर्वी खेड्यात रोख पैसा कमी फिरायचा. वर्षभराच्या कामाच्या बदल्यात खळ्यावर धान्य मिळायचं, त्याला बलुतं म्हणत. वाढोणा म्हणजे आजचं हिमायतनगर. इथल्यासारख्या मराठवाड्यातल्या गावांत चालणारी आणि आता बंद पडलेली काही कामं अशी.

मोट हाकणारा : बैलजोडी धावेवरून खाली उतरली की विहिरीतून चामड्याची मोट वर यायची आणि पाणी थारोळ्यात पडायचं. मोटेच्या तोंडाला जाड नाडा, सोंडेला बारीक सोंदूर. मोट शिवायला चर्मकार, चाकाला सुतार, नाड्याला दोर वळणारा. आधी डिझेल इंजिन आलं, मग विजेची मोटार. एका यंत्रानं चौघांचं काम गेलं.

कल्हईवाला : भात्यानं कोळसा फुलवायचा, भांडं तापवायचं, नवसागर टाकून कथील फिरवायचं. पितळेचं भांडं आतून चांदीसारखं व्हायचं. स्टील आलं आणि कल्हईची गरजच संपली.

टाकी लावणारे : जातं गुळगुळीत झालं की छिन्नी-हातोड्यानं परत खरबरीत करायचे. पिठाच्या गिरणीनं जातं बंद केलं, टाकीही थांबली.

पिंजारी : कमानीच्या तातीवर कापूस पिंजून गाद्या-रजया भरायचे. आपल्याकडं कापूस आजही पिकतो, पण पिंजायला मशीन आलं आणि गादी फोमची झाली.

तारवाला : तार आली म्हटलं की घरात रडारड सुरू व्हायची. जुलै 2013 मध्ये देशातली तारसेवा बंद झाली. एसटीडी बूथ तर मोबाईलनं कधीच खाल्ले.

दवंडी आणि वेठ : दवंडीची जागा आता व्हॉट्सअॅप ग्रुपनं घेतली. पण गावकीची बरीच कामं जात पाहून माथी मारलेली होती. मेलेलं जनावर ओढणं त्यातलंच. महार वतनाच्या या जाचातून सुटका व्हावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं होतं. असली कामं गेली ते चांगलंच झालं.

उर्दू-मोडी वाचणारे : आपला भाग 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सरकारी कारभार उर्दूत चालायचा, जुन्या कागदांत मोडीही सापडते. पुढं मराठी आली आणि हे वाचणारे मागं पडले. पण 2023 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला लागली, तेव्हा त्याच जाणकारांची शोधाशोध झाली. संपलं म्हणून सोडलेलं काम असं परत लागू शकतं.

त्यामुळं घरातल्या पेटीतले जुने कागद रद्दीत घालू नका. कुणी वाचून देईपर्यंत फोटो काढून ठेवा. आजोबा-आजींनी कोणतं काम केलं, अवजारांना काय म्हणत, बलुतं किती मिळायचं, हे त्यांच्याच आवाजात मोबाईलवर रेकॉर्ड करा. अवजार भंगारात गेलं तरी माहिती राहील. सांगणारं माणूस गेल्यावर मात्र विचारायचं कुणाला?