कथेतला 'मी' बोलतो कुणापुढे?

कथा-कादंबरीतील निवेदनाची चर्चा आपल्याकडे निघते ती बहुधा 'मी' की 'तो' इथेच संपते. 'मी' जिव्हाळ्याचा, 'तो' तटस्थ, असे म्हणून आपण मोकळे होतो. मुसलमान पात्राच्या तोंडी हा 'मी' कसा आला ते मागे जाऊन पाहिले, तर आम्हांला दुसराच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. हा 'मी' बोलतो कुणापुढे?

१८३९ साली फिलिप मेडोज टेलरची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही इंग्रजी कादंबरी निघाली. टेलर निजामाच्या चाकरीतला. दख्खनचे रस्ते आणि बाजार त्याच्या पायाखालचे. कथा अमीर अली स्वतः सांगतो. ७१९ खुनांत आपला हात होता, अशी फुशारकी मारणारा हा ठग वाचकाला खिळवून ठेवतो. पण तो कैदेत आहे, माफीचा साक्षीदार आहे आणि समोर साहेब बसला आहे. हा 'मी' म्हणजे जबानी! लेखणी साहेबाच्या हाती.

साठ वर्षांनी, १८९९ मध्ये, लखनौच्या मिर्झा हादी रुसवांनी 'उमराव जान अदा' लिहिली. मांडणी वरवर तीच. उमराव सांगते, रुसवा ऐकतात, मधूनमधून छेडतात. फरक असा की ऐकणारा शायर आहे आणि सांगणारीही शायरा. शेरांची देवघेव चालते, दाद मिळते, उलट टोलाही मिळतो. फैजाबादेतून पळवून आणून खानमच्या कोठ्यावर विकलेली ही पोर. पण कीव करायला ती वाचकाला फारशी जागाच देत नाही. शिवाय रुसवा सांगतात की, लिहून झालेला मजकूर त्यांनी तिलाच दाखवला आणि तिने तो दुरुस्त केला. त्याच वर्षी 'जुनून-ए-इंतजार' ही छोटी पुस्तिका आली. तिच्यात उमराव रुसवांचेच प्रेमप्रकरण सांगते! दोन्हींमागे हात रुसवांचाच, हे उघड आहे. तरीही ऐकणाऱ्याला कथेत ओढण्याचा हक्क सांगणारीला देणे ही साधी गोष्ट नव्हे.

मराठीत त्याच दशकात हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो?'मध्ये यमूला 'मी' दिला. मुसलमान पात्र मात्र ऐतिहासिक कादंबऱ्यांत बहुतेक 'तो'च राहिले, सरदार नाहीतर सुभेदार. हमीद दलवाईंच्या 'इंधन'मध्ये (१९६५) कोकणातल्या आपल्या गावी बऱ्याच वर्षांनी परतलेला मुसलमान 'मी' भेटतो. दलवाईंच्या विचारांशी आपल्यातल्या अनेकांचे जमले नाही. त्यांचा हा निवेदक मात्र नीट वाचायला हवा. त्याच्यासमोर ना साहेब, ना शायर. गाव त्याचेच आहे, पण आता त्याला तिथे पाहुण्यासारखे वावरावे लागते.

आणि आजच्या आपल्या कथा? खाला भाचीशी इद्दतीबद्दल बोलत असते आणि 'मी' मध्येच कंस उघडून इद्दतीचा अर्थ सांगू लागतो. खालाला तो ठाऊक आहे, भाचीलाही. मग कंस कुणासाठी?